सावडीतला तिसरा

दस्तगीरनं त्या जुन्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकावर हात ठेवला, तो तसाच वर नेला आणि मडगार्डावर दोनदा थोपटलं. मी शेजारीच उभा होतो. ते थोपटणं माझ्या ओळखीचं होतं. तो त्याच्या बैलाला, चांद्याला, असंच थोपटायचा.

"कसा वाटतो?" त्यानं विचारलं.

विचारलं मला होतं, पण उत्तर पोपटनं दिलं.

"आवाज झकास हाय. टायरं निम्मी गेल्यात, पण ती काय, बदलता येत्यात. अण्णा, इंजिनचं तास किती झालं म्हणालासा?"

अण्णा चौगुले ट्रॅक्टरचे मालक. त्यांच्या मुलानं नदीकाठच्या रानासाठी मोठा ट्रॅक्टर घेतला होता, म्हणून हा छोटा काढायचा होता. ते आकडा सांगायला लागले, पोपट मान डोलवायला लागला, आणि मी त्या दोघांकडं न बघता दस्तगीरच्या हाताकडं बघत राहिलो. हात अजून मडगार्डावरच होता.

याला आता बारा-पंधरा वर्षं झाली असतील. आमची वाडी पाटणच्या बाजूला, डोंगराच्या अंगावर. शेतं म्हणजे एकाखाली एक दगडी ताली. मोठं यंत्र तिथं वळत नाही, आणि माझ्या ताली तर सगळ्यात वर, जिथं छोटा ट्रॅक्टरसुद्धा चढायचा नाही. एवढ्याशा तुकड्यावर कुणालाच दोन बैल पोसवत नाहीत. म्हणून माझी आणि दस्तगीर मुलाण्याची सावड होती. त्याचा चांद्या, माझा मण्या. दोन घरचे दोन बैल एका जुवाखाली, आज त्याच्या रानात, उद्या माझ्या. मण्या डाव्या अंगाला, चांद्या उजव्या. बैल बदलायची वेळ आली की आम्ही दोघांनी मिळून बाजारात जायचं, आणि एकानं मान हलवल्याशिवाय दुसऱ्यानं बैल घ्यायचा नाही, असा आमचा नियम. दोन बैलांची उंची आणि चाल जुळली नाही तर जू एकाच्या मानेवर बसतं. आमच्या बापांपासून हे असंच चाललं होतं.

आणि त्या साली दस्तगीरच्या डोक्यात ट्रॅक्टर शिरला.

त्याचं रान खालच्या अंगाला, रस्त्याजवळ. त्याला छोटा ट्रॅक्टर चालणार होता. मला नाही. तो ट्रॅक्टरवर बसला की सावड संपली, आणि माझ्या दावणीला उरणार एकटा मण्या. एक बैल म्हणजे एका पायाची चप्पल. दुसरा घ्यायची माझी ऐपत नव्हती. एवढं एक दुखणं असतं तर मी सोसलं असतं. पण त्यात हा पोपट साळुंखे होता.

पोपट एसटीत ड्रायव्हर होता. निवृत्त होऊन वर्षाभरापूर्वी वाडीत आला होता. डोळ्यांवर काळा चष्मा, अंगाला पावडरीचा वास, हातात फंडाचे पैसे आणि दिवसभर करायला काही नाही. ट्रॅक्टरचं नाव निघाल्यापासून तो दस्तगीरच्या पडवीतून हलत नव्हता. मी गेलो की तो तिथं आधीच बसलेला.

"धोंडी, तुला इचारतोय मी," दस्तगीर म्हणाला. "बैल बगतोस तसा बग."

मी ट्रॅक्टरभोवती फिरलो. बैल बघताना मी आधी खूर बघतो, मग दात, मग चालवून बघतो. इथं खूर म्हणजे चाकं आणि चाल म्हणजे आवाज. बाकी इंजिनातलं मला काही कळत नव्हतं. अण्णांनी तो पुन्हा चालू केला. पुढून धुराचा एक काळा लोट निघाला आणि विरला.

"धाप लागतीया याला," मी म्हणालो.

"काय?" पोपट म्हणाला.

"धाप. चालू करताना दम खाल्ला. आन् धूर बगितलासा न्हवं? काळा."

"अवो, सुरवातीला डिझेलचा धूर काळाच येतो!"

"आन् दुसरं," मी दस्तगीरकडं बघून म्हणालो, "चांगला बैल दावणीवरनं कोण सोडतंय का? मालक का इकतोय ते आदी बगायचं, हे तुज्या बानंच मला शिकवलं."

अण्णांचं तोंड उतरलं. "मुलानं मोठा घेतला म्हणून म्हणालो की. घरात दोन काय करायचे?"

मी नुसती मान हलवली. आडवी.

दस्तगीरनं मडगार्डावरचा हात काढून घेतला. "न्हाय अण्णा," तो म्हणाला, "जमायचं न्हाय." एवढंच. कारण सांगितलं नाही, की माझ्याशी वाद घातला नाही. आम्ही तिघं एसटीच्या थांब्याकडं चालायला लागलो. मला वाटलं, जिंकलो.

थांब्यावर पोपटनं चष्मा पुसला आणि डोळ्यांवर चढवला. "बरंच झालं," तो म्हणाला. "जुनं घेतलं की मेस्त्रीचं घर भरायचं. मी पयल्यापासनं काय म्हणतोय? नवा घिऊ. निम्मा तुजा, निम्मा माजा. नवाकोरा, हमी असलेला. चालवायला मी हायच."

दस्तगीर म्हणाला, "बगू."

मी तिथं उभ्या उभ्या गार झालो. जुना घेतला असता तर तो एकट्याचा झाला असता. मी एक दार लावलं होतं आणि त्याला दुसऱ्या दारातून आत जाताना बघत होतो. आत पोपट बसला होता.

पुढचे दिवस मला अजून आठवतात. पोपट कऱ्हाडच्या दुकानातून एक गुळगुळीत रंगीत पत्रक घेऊन आला. संध्याकाळी दस्तगीरच्या पडवीत बसून तो ते मोठ्यानं वाचायचा. किती घोड्यांची ताकद, मागं रोटर कोणता बसतो, वळायला जागा किती लागते. दस्तगीरला वाचता येत नव्हतं आणि तेव्हा मलाही येत नव्हतं. आजवर आमचं ते एक साम्य होतं. आता तो पोपटच्या बोटाखालच्या ओळीकडं असा बघायचा, जसं काही त्याला समजतंय. मी पडवीच्या कडेला बसायचो. मला कुणी उठ म्हणत नव्हतं, पण पत्रक माझ्या बाजूला कधी फिरवत नव्हतं. मी अक्षरं पुढं पाच-सात वर्षांनी शिकलो, साक्षरतेच्या वर्गात. गुरुजी विचारायचे, या वयात ही हौस कशी काय झाली? मी म्हणायचो, अशीच.

घरी आलो की शेवंता, माझी बायको, ताट वाढताना बघायची.

"आज काय वाचलं पोपटरावांनी?"

"मला काय ठावं?"

"एवढा वेळ बसून आलासा आन् ठावं न्हाय?" ती भाकरी पुढं टाकायची. "लोक उगाच बायकांचं नाव घेत्यात. सवतीमत्सर बघायचा तर हितं यावं."

"गप गं."

"मी गपच हाय. आवाज तुमच्या पोटातनं येतोय."

तिच्या बोलण्यानं मी आणखीच पेटलो. मी ठरवलं, त्याला दुसरा जोडीदार मिळतो, तर मला का नाही? पलीकडच्या वाडीत शिदू येडगे होता. त्याचा एक बैल वर्षभर रिकामा उभा होता. मी त्याच्याशी बोललो. तो लगेच हो म्हणाला आणि सकाळी बैल घेऊन माझ्या खालच्या तालीत हजर झाला. मीच खालची ताल निवडली होती, कारण ती दस्तगीरच्या रानातून दिसते.

शिदूचा बैल देखणा होता. मी मण्याला डाव्या अंगाला उभा केला. शिदूनंही आपला बैल डाव्या अंगालाच आणला.

"ह्यो डावाच चालतो," शिदू म्हणाला.

"मण्याबी डावाच हाय."

"आदी न्हाय का सांगायचं?"

"तू तरी सांगितलंस का?"

सावडीचा बैल बघताना पहिला प्रश्न हाच असतो. पोरालाही तो माहीत असतो. मी तो विचारला नव्हता. आमच्या चांद्याचं उजवं अंग इतकं कायमचं होतं, की उजवा बैल शोधावा लागतो हेच मी विसरलो होतो.

तरी आम्ही जुंपले. मण्याला उजवीकडं घेतलं. हाक मारताच मण्या आपल्या जागेकडं जायला शिदूच्या बैलाला ढकलायला लागला आणि शिदूचा बैल जागा सोडेना. दोघं एकमेकांना रेटत बांधाला जाऊन भिडले, जू वाकडं झालं आणि नांगर जमिनीवर आडवा. खालच्या रस्त्यावर कधी मोटरसायकल थांबली मला कळलंच नाही. पोपट पाय टेकून बघत होता.

"काय धोंडिबा," तो ओरडला, "दोघास्नी बी खिडकीचीच शीट पायजे व्हय?"

रस्त्यानं जाणाऱ्या बाया खोखो हसल्या. शिदूसुद्धा हसला. मी खाली दस्तगीरच्या रानाकडं बघितलं. तो बांधावर बसला होता आणि सगळं बघत होता. तो हसला नाही. उठला, आणि आमच्याकडं पाठ करून हळूहळू घराकडं चालायला लागला. हसला असता तर मला इतकं लागलं नसतं.

त्या दिवशी मी जेवायला बसलो तेव्हा शेवंता चुलीपुढून उठली नाही.

"दस्तगीरभावजींचा गुडघा तुम्हाला दिसत न्हाय का?" ती म्हणाली.

"कसला गुडघा?"

"जैतूनभाभी रोज वाळू भाजून शेकत्यात. गेल्या पावसाळ्यापासनं. नांगरामागं चालवत न्हाय त्यास्नी. तासाच्या टोकाला जाऊन बसत्यात, बगितलं न्हाईत?"

बघितलं होतं. नांगराचं प्रत्येक तास संपलं की दस्तगीर बांधावर बसायचा आणि मला म्हणायचा, बैलांना दम खाऊ दे. मला वाटायचं, त्याला चांद्याची माया येते.

"मग मला सांगितलं का न्हाय त्यानं?"

"सांगून काय? तुम्ही त्यांचं रान बी नांगरून दिलं असतं. मग सावड कशाची राहिली? त्यो धर्म झाला. त्यास्नी त्यो नको हुता." ती थांबली. "ट्रॅक्टर त्यास्नी हौस म्हणून नको हाय. बसून करायचं काम पायजे."

मी ताटावरून उठलो. मला वाटलं होतं, गुडघ्याचं कळल्यावर माझं पोट निवेल. पण आतून दुसरंच निघालं. जैतूनभाभीला माहीत होतं, शेवंताला माहीत होतं. कदाचित पोपटलाही माहीत असेल. तोच बसायचा ना दिवसभर त्याच्यापाशी. चाळीस वर्षं त्याच्या चालीबरोबर चाललेल्या मलाच तेवढं कुणी सांगितलं नाही.

दोन-तीन दिवसांनी सकाळी दस्तगीर दारात आला. अंगात धुतलेला पांढरा सदरा. मागं पोपट, काखेत चामड्याची पिशवी.

"चल," दस्तगीर म्हणाला. "कऱ्हाडला जायचं. नव्याचा इसार द्यायचा."

"माजं काय काम? निम्मा तुजा, निम्मा त्येचा."

"होकार तुजा लागतो."

पोपट हसला. "आरं दस्तगीर, लोखंडाला कसला होकार? बैल हाय व्हय त्यो?"

"एसटी चुकंल," दस्तगीर म्हणाला आणि वळला. मी टोपी घातली आणि निघालो. का निघालो, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

एसटीत ते दोघं एका बाकावर बसले. मला मागं जागा मिळाली, बरोबर त्यांच्या डोक्यांमागं. कंडक्टर पोपटच्या ओळखीचा निघाला, त्यानं तिकिटं फाडता फाडता दोन विनोद केले. पोपट दस्तगीरच्या कानाशी बोलत होता, पण ड्रायव्हरकी केलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही.

"चांद्याला येत्या बाजारात उभा करू. चांगला पैसा ईल. तुज्या वाट्यातली तूट तिथंच भागली."

मी कान टवकारले. दस्तगीर खिडकीबाहेर बघत होता.

"आता बैलाचं काम तरी काय ऱ्हायलं?" पोपट म्हणाला. "उगाच वैरण घालत बसायचं. व्हय का न्हाय?"

दस्तगीरनं उजवा हात गुडघ्यावर ठेवला होता आणि हळूहळू चोळत होता. मानेमागची शीर ताठ झालेली मला दिसत होती. त्या शिरेची भाषा मला पोपटपेक्षा जास्त कळत होती. बाजारात मनाविरुद्धचा सौदा चालला की ती तशीच उभी राहायची.

अण्णा चौगुल्यांचं नदीकाठचं गाव आलं. मी उठलो आणि दोरी ओढली. घंटा वाजली.

"हितं कुटं?" पोपट मागं वळला. "कऱ्हाड लांब हाय अजून!"

"उतरा," मी म्हणालो.

"आरं पण..."

दस्तगीर उठलाही होता. काय, कशाला, असं त्यानं विचारलं नाही. कठड्याला धरून एक एक पायरी उतरला. मी पहिल्यांदाच त्याला उतरताना नीट बघितलं.

अण्णा चौगुले अंगणातच होते. ट्रॅक्टर चिंचेखाली उभा होता, त्याच्यावर पाला पडला होता. आम्हाला बघून त्यांनी ना या म्हटलं ना बसा.

"चालू करा, अण्णा," मी म्हणालो.

"कशाला? धाप लागती न्हवं त्याला?" ते जागचे हलले नाहीत. "तुमी गेल्यावर दोन गिऱ्हाइकं आली हुती. दोघं बी इचारून गेली, धोंडिबानं नापास केला त्यो ह्योच का?"

मला खाली बघावं लागलं. मी बैल पारखतो म्हणून मला पाच गावं ओळखतात. माझा शब्द एवढा लांब जाईल असं मला वाटलं नव्हतं.

"चालू करा," मी पुन्हा म्हणालो.

त्यांनी चालू केला. काळा धूर निघाला आणि विरला. मी फिरलो नाही, वाकलो नाही, चाकाला हात लावला नाही. दस्तगीरकडं वळलो आणि मान हलवली. उभी.

"हा घे."

"काय?" पोपटनं पिशवी दुसऱ्या काखेत घेतली. "अवो धोंडिबा, त्या दिवशी धाप लागतीया म्हणालासा!"

"लागत न्हाय."

"धूर काळा हाय म्हणालासा!"

"समद्यांचाच काळा असतो. तूच म्हणालास."

"मालक का इकतोय म्हणालासा!"

"पोरानं मोठा घेतला म्हणून."

पोपटनं चष्मा काढला. उन्हात त्याचे डोळे बारीक झाले. चष्म्याशिवाय तो अगदी साधा, थकलेला माणूस दिसत होता. "मग त्या दिवशी तुमाला काय दिसलं हुतं ह्येच्यात?"

अण्णा बघत होते. दस्तगीर बघत होता. ट्रॅक्टर मधे धडधडत होता, त्यामुळं मला ओरडून बोलावं लागलं. अशी गोष्ट ओरडून सांगायची नसते.

"ह्येच्यात काय दिसलं न्हवतं! तू दिसला हुतास!"

अण्णांनी पटकन इंजिन बंद केलं. एकदम इतकं शांत झालं, की चिंचेवरचे पोपट ऐकू यायला लागले. साळुंखेंचा पोपट मात्र हळूच म्हणाला, "म्हंजी मी काय सवत हाय व्हय?"

अण्णांना आधी हसू फुटलं. मग दस्तगीरला. तो हसता हसता ट्रॅक्टरच्या मडगार्डाला टेकला आणि हात पुन्हा त्याच जागी ठेवला. पोपट दोघांकडं बघत राहिला आणि शेवटी त्यानं पिशवी अंगणातल्या बाजेवर टाकली.

"घ्या गड्यांनो जुना. माजा फंड माज्यापाशीच बरा."

पैशाचं तिथंच ठरलं. अण्णांच्या सुनेनं ट्रॅक्टरला हळदकुंकू लावलं, मी नारळ फोडला. मग दस्तगीर म्हणाला, "चला," आणि आम्ही सगळे जागच्या जागी उभे राहिलो. कारण त्याला ट्रॅक्टर चालवता येत नव्हता. मला येत नव्हता. आम्ही आपले, बैल घेतल्यावर कासरा धरून चालत घरी निघतात तसे निघालो होतो.

सगळ्यांनी पोपटकडं बघितलं.

त्यानं चष्मा चढवला. इतक्या थाटात माणूस नवरदेवाच्या घोड्यावरही चढत नसेल. स्टिअरिंगमागं बसून त्यानं बाजूच्या मडगार्डावर हात मारला. "बस, दस्तगीर."

दस्तगीर पाय वर ओढून घेत तिथं बसला. दुसऱ्या बाजूच्या मडगार्डावरही जागा झाली असती, पण तिथं अण्णांनी दिलेला नांगराचा फाळ आणि अवजारांची पेटी बांधली होती. मी एसटीनं गेलो. वळणावर एसटीनं त्यांना मागं टाकलं तेव्हा मी खिडकीतून बघितलं. पोपट एका हातानं चालवत होता, दुसऱ्यानं काहीतरी समजावत होता, आणि दस्तगीर त्याच्याकडं झुकून ऐकत होता. सौदा माझ्या होकारावर झाला होता, आणि वरात त्या दोघांची निघाली होती. मी तोंड फिरवलं. कंडक्टरनं विचारलं, काय म्हातारबा, एसटी लागते का?

दिवस मावळताना मी गोठ्यात मण्यापुढं वैरण टाकत होतो. दारात सावली पडली. दस्तगीर होता, आणि त्याच्यामागं चांद्या. दस्तगीरनं त्याला मण्याच्या उजव्या बाजूच्या खुंट्याशी नेलं आणि बांधायला वाकला.

"काय करतोस?" मी म्हणालो.

"बांदतोय."

"चांद्या मला परवडायचा न्हाय. तुला ठावं हाय."

तो गाठ मारत राहिला. आमच्याकडं बैल विकला की त्याचं दावं द्यायचं नसतं. दावं मालकाच्या घरी राहतं, नाहीतर घरची बरकत बैलामागं जाते म्हणतात. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. दस्तगीर चांद्याला त्याच्याच दाव्यानं बांधत होता. त्याच्या बापानं वळलेलं, मधे काळा धागा घातलेलं.

"आरं दावं सोड की," मी म्हणालो. "इकताना दावं देत न्हाईत."

"इकतोय कोण?"

तो सरळ झाला. सरळ व्हायला त्याला वेळ लागला. "नवा घेतला असता तर ह्येला बाजारात न्यावा लागला असता. म्हणून जुन्यामागं लागलो हुतो. जुना घेतला की ह्यो वाचत हुता. वर तुज्या तालीत जुंपायला. तर तू पयल्याच दिशी मान आडवी हलवलीस."

"तवा तसं का सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर बैलापायी होकार दिला असतास. मला ट्रॅक्टरचा पायजे हुता." त्यानं कपाळ पुसलं. "आन् मला ठावं हुतं, खोट काय न्हाय त्येच्यात. पर तू न्हाय म्हणालास."

"आन् मग कऱ्हाडला निगालास!"

"तू शिदूचा बैल आणलास." तो एकदम मोठ्यानं बोलला. मण्यानं मान वर केली. "माज्या डोळ्यांदेखत! खालच्या तालीत! त्या दिशी घरी जाऊन मी भाकरी खाल्ली न्हाय. जैतूनला इचार."

मी वैरण सारखी करत राहिलो, कारण तोंड उघडलं तर हसू येईल अशी भीती होती, आणि हसलो असतो तर तो निघून गेला असता.

चांद्यानं शेजारच्या वैरणीत तोंड घातलं. मण्यानं सरकून जागा दिली. दस्तगीर दारापर्यंत गेला. उंबऱ्यावर थांबला आणि मागं न बघता म्हणाला, "पाण्यावर न्यायला मी येणार."

"का? मला बैल पाण्यावर नेता येत न्हाय?"

"येतं की. पर शीळ घालू नको."

"शिळेबिगार बैल पाणी कसा पिणार?"

"म्हणून तर मी येणार." तो वळला. काळोख पडत होता, तरी त्याचं तोंड मला दिसलं. "वैरण तू घाल. जुंप तू. हाक तू. शीळ माजी."

दुसऱ्या दिवसापासून तो रोज येत गेला. पोपटनं त्याला महिन्याभरात ट्रॅक्टर शिकवला. संध्याकाळी तो ओढ्याच्या कडेला ट्रॅक्टर थांबवायचा, बसल्या जागेवरूनच शीळ घालायचा, आणि चांद्या मान खाली घालून संथपणे पाणी प्यायचा. मी मण्याचं दावं धरून गप उभा राहायचो. दस्तगीर माझ्या तोंडाकडं बघत असायचा, की याचे ओठ हलतात का.

एकदा तो लेकीकडं चार दिवस गेला होता. ओढ्यावर कुणी नव्हतं. मी आजूबाजूला बघितलं आणि शीळ घातली, अगदी त्याच्यासारखी. मण्या पाणी प्यायला लागला. चांद्यानं पाण्यावरून तोंड उचललं, मागं रस्त्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि तसाच उभा राहिला. मी शीळ थांबवली तेव्हा कुठं त्यानं पाण्याला तोंड लावलं.

हे मी दस्तगीरला कधी सांगितलं नाही. त्याला फार आनंद झाला असता.